एळ्ळु

मंगळवार, संध्याकाळ. कसबा बावडा

जुन्या इराकच्या अक्कदी भाषेवरचं पुस्तक वाचत होते. त्यात शब्द सापडला, ‘एल्लु’. तिळाचं तेल. पुढं लिहिलंय, मूळ अनिश्चित, कदाचित कन्नडच्या घराण्यातून गेलेला. हातातला चहा गार झाला.

सासूबाई माहेरच्या कन्नड. नवी नवरी असताना मीच पाहुण्यांसमोर त्यांना हसले होते, “आत्या, एळ्ळु काय? तीळ म्हणा की!” काय गरज होती? शाळेत मराठी शिकवते ना मी, म्हणून...

तशीच स्वयंपाकघरात गेले, तिळाची बरणी त्यांच्यापुढं धरली. “आत्या, ह्याला काय म्हणता?”

त्यांनी बरणीकडं बघितलंच नाही, माझ्याकडं बघितलं. मग जपून म्हणाल्या, “तीळ. बरोबर हाय न्हवं?”