वाकडा बोर्ड

दादा,

रविवारी आपल्या गल्लीत हस्तकलेचा बाजार भरवतेय. "गाड्या काय डोक्यावर लावायच्या?" म्हणून भांडणाऱ्या शेजाऱ्यांना पुरून उरले. कुंभारकाका, विणकामवाल्या मावशी, सगळे बसणार आहेत.

बाजाराचा बोर्ड मात्र मी कुणाला छापून आणू दिला नाही. "हाताने रंगवलेलं आता कोण बघतं?" म्हणत तू ब्रश टाकून गेलास ना, त्याच ब्रशने मीच रंगवला. अक्षरं इतकी वाकडी आलीत की येणारा-जाणारा थांबून हसतोय. म्हणजे बघतात रे लोक!

हे पत्र काही पेटीत टाकणार नाही. विनवण्यांनी तू कधी हललायस? फक्त बोर्डाचा फोटो पाठवते. वाकडं अक्षर तुला बघवत नाही आणि मी दुसऱ्या कुणालाही त्याला हात लावू देणार नाही.

शिडी लावून ठेवलीय.

तुझ्याइतकीच हट्टी,
धाकटी