रिकाम्या केबिनचा आलेख

सोमवार, ३ तारीख

लागली एकदाची नोकरी! दादा म्हणाला, आठवडाभर टिकलास तर मी स्वतः चहा करून पाजीन. दादाने जन्मात पातेल्याला हात लावलेला नाही, त्यामुळे निदान ती गंमत बघायला तरी टिकलंच पाहिजे.

जागा म्हणजे कान तपासायचं केंद्र. दुसरा मजला, ओळीने तीन खोल्या. पहिलीत मावशी बसतात. त्या येणाऱ्यांची नावं लिहून घेतात. दिवसभर ऐकू न येणाऱ्यांशी ओरडून बोलायची सवय झाल्यामुळे त्या धडधाकट माणसाशीही ओरडूनच बोलतात. मला पाहिल्यावर त्यांनी "कुठला कान?" म्हणून असं खडसावलं की दोन्ही गेले असते. मधली खोली डॉक्टर मॅडमची. शेवटच्या खोलीत माझं टेबल, संगणक आणि केबिन.

केबिन बघण्यासारखी आहे. मोठ्या कपाटाएवढी, दार वीतभर जाड, आतून भोकाभोकांचे पत्रे, एक खुर्ची, एक जाड काचेची खिडकी. पेशंट आत हेडफोन लावून बसतो. बाहेरून संगणकावरून त्याच्या एकेका कानात बारीक सूर सोडायचा. ऐकू आला की त्याने हातातलं बटण अंगठ्याने दाबायचं. सूर कमी कमी करत जायचं. पेशंट दाबायचा थांबला की तिथे त्याच्या कानाची हद्द संपली. तेवढ्यावरून पडद्यावर दोन्ही कानांचा आलेख निघतो.

रखडलंय ते बटण. आधीच्या माणसाने संगणकावर विंडोज काढून लिनक्स घातलं, सूर सोडणारा भाग चालू केला, आणि एक दिवस न सांगता यायचा बंद झाला. तेव्हापासून मॅडम पेशंटला हात वर करायला लावतात आणि काचेतून बघत बसतात. एक आजोबा म्हणे पाऊण तास हात वर करून बसले होते. त्यांना खाली घ्या म्हटलेलं ऐकूच आलं नाही.

कॉलेज का सोडलं, असं मॅडमनी विचारलं. प्रयोगशाळेतल्या सरांशी पटलं नाही म्हटलं. टेबल उलटवलं होतं, पण तेवढं खोलात त्या गेल्या नाहीत.

संध्याकाळी तिला फोन केला. तीच ती, जिला सगळं कॉलेज हेडमास्तरीण म्हणायचं. तिची अट तीच: सहा महिने एका जागी भांडण न करता राहून दाखव, मग मी घरी लग्नाचा विषय काढते. मी म्हटलं, त्याआधी तुझंच काम करून दाखवतो. सहा वर्षांची असताना तापात तिचा डावा कान गेला. त्याला यंत्र लावून काही उपयोग होईल का, हे नीट तपासणी झाल्याशिवाय कळणार नाही. मॅडम म्हणाल्यात, बटण चालू झालं की बोलाव तिला. आता बघतोच त्या बटणाकडे.

बुधवार, ५ तारीख

दोन दिवस नुसती डोकेफोड. यूएसबीची यादी मागवली तर यंत्र दिसतं, आणि तपासणीचं सॉफ्टवेअर म्हणतं यंत्र सापडत नाही. समोर उभ्या असलेल्या माणसाला घरी नाही म्हणून सांगावं तसं. आधी परवानगीचा घोळ निघाला. माझ्या खात्याला त्या पोर्टला हात लावायचाच हक्क नव्हता. तो दिला. मग कंपनीचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला यंत्राशी बोलायला शिकवणारा प्रोग्रॅम, बांधायला घेतला. तो लिनक्सच्या जुन्या कर्नलसाठी, म्हणजे जुन्या गाभ्यासाठी लिहिलेला, त्यामुळे चार ठिकाणी अडला. चारही जागा हाताने दुरुस्त केल्या. पाचव्यांदा बिनचूक बांधला गेला तेव्हा मी एवढ्या जोरात टेबलावर थाप मारली की मावशी धावत आल्या. ज्या बाईला दाराची घंटा ऐकू येत नाही तिला ही थाप बरी ऐकू आली.

तरी बटण मेलेलंच.

गुरुवार, ६ तारीख

सापडलं! यंत्र एक असलं तरी संगणकाला ते दोन दिसतात: सुरांचा भाग वेगळा, बटणाचा वेगळा. बटणाच्या भागाचा ड्रायव्हर आधीच्या माणसाने मुद्दाम बंदीच्या यादीत टाकलाय. म्हणजे संगणक सुरू होताना तो चढूच नये. वर शेरा: "ही ओळ काढू नका." बस, एवढंच. का ते नाही, तारीख नाही, नाव नाही.

माझं टाळकंच फिरलं. स्वतःला जमलं नाही म्हणून बंदी घालायची आणि मागून येणाऱ्याला दम द्यायचा! काढली ओळ. संगणक पुन्हा सुरू केला. आत बसून बटण दाबलं, बाहेर पडद्यावर हिरवा ठिपका. मॅडमनी येऊन पाठ थोपटली. मावशी ओरडून म्हणाल्या, दिसायला अगदीच हा आहे पण पोरगा हुशार निघाला.

तिला सांगितलं. ती म्हणाली, भांडलास का कुणाशी? नाही म्हटल्यावर लगेच फोन ठेवला तिने. हसत असावी.

शनिवार, ८ तारीख

एक बारकी कटकट आहे. केबिन रिकामी असतानाही मधेच हिरवा ठिपका उमटतो. सैल वायर असणार. वायर बदलली, मागचं पोर्ट सोडून पुढच्यात लावलं, अर्थिंग पाहिलं. फरक नाही. शेवटी बटणच यंत्रापासून उपटून टेबलाच्या खणात ठेवलं.

तपासणीचे सूर आपोआप चालू ठेवून जेवायला गेलो. आलो तर संगणकाच्या नोंदीत सात ठिपके.

बटण खणातच होतं. दोनदा उघडून पाहिलं.

सोमवार, १० तारीख

रविवार कसा गेला कळलं नाही. दादा म्हणाला, जागच्या जागी काय फेऱ्या मारतोयस, फरशी झिजेल. आज ठिपक्यांच्या वेळा काढून सुरांच्या वेळांशी लावून पाहिल्या. मी यंत्र तपासताना रिकाम्या केबिनमध्ये जेव्हा जेव्हा सूर सोडला होता, तेव्हाच ठिपका आहे. सूर नाही तर ठिपका नाही. एकही जास्त नाही, एकही कमी नाही.

वायरीतला दोष असं वागत नाही. दोष वेळी-अवेळी येतो. हे ऐकून दाबल्यासारखं आहे.

दुपारी मॅडम बाहेर गेल्यावर मूर्खासारखं एक काम केलं. रिकाम्या केबिनचा आलेख काढला. पेशंटचा काढतात तसाच, मोठ्या सुराकडून लहानाकडे. साठ डेसिबलपर्यंत दाब येत राहिले. त्याखाली नाही. म्हणजे साठीच्या पुढच्या म्हाताऱ्याचा कान.

हसू आलं. मग हसू थांबलं.

मंगळवार, ११ तारीख

पुन्हा काढला. काल साठला थांबलं होतं. आज पस्तीस.

बुधवार, १२ तारीख

पाच. पाच म्हणजे लहान मुलाचा निरोगी कान.

ती ओळ परत घातली. सुरुवातीची सगळी व्यवस्था नव्याने बांधली, संगणक बंद करून चालू केला. यादीत बंदी आहे, आणि ड्रायव्हर तरी चढलेलाच. हाताने उतरवला. माझ्या डोळ्यांदेखत परत चढला.

आधीच्या माणसाचा पत्ता मावशींना विचारला. त्या म्हणाल्या, तो शेवटी शेवटी फार हळू बोलायचा, ओठच हलायचे नुसते. आणि चपला काढून चालायचा.

गुरुवार, १३ तारीख

मॅडमना सांगायला गेलो होतो. खरंच. पण मी तोंड उघडायच्या आधीच त्यांनी सांगितलं की परवा शनिवारी तुझ्या मैत्रिणीला बोलाव, सकाळची वेळ ठेवलीय. आणि ती फोनवर एवढी खूश, की मी पहिल्यांदाच तिच्या तोंडून ऐकलं, तू केलंस हं हे.

मग मी काय केलं ते लिहून ठेवतो. सॉफ्टवेअरमध्ये चार ओळी घातल्या: पेशंटचं नाव भरलेलं नसेल तर बटणाकडून आलेलं सगळं टाकून द्यायचं, नोंदही ठेवायची नाही. ठिपके गेले. मॅडमना सांगितलं, दोष काढला.

काढला नाही. झाकला. पेशंटचं नाव भरलं की मधे काहीच नाही.

शनिवार, १५ तारीख

ती आली. निळा दुपट्टा. मी सवयीने तिच्या उजवीकडून चालत होतो. मावशींनी तिला विचारलं, कुठला कान, आणि ती म्हणाली, आता या आवाजाने दोन्ही उघडले. सगळे हसले. मी हसलो की नाही आठवत नाही.

आत बसली. दार लागलं. मॅडमनी स्वतः सूर सोडले.

उजवा कान चांगला. फक्त एका उंच सुरापाशी किंचित खड्डा. मग डावा. मी पडद्याकडे बघत नव्हतो, काचेतून तिचा अंगठा शोधत होतो. तिची पाठ होती. अंगठा दिसत नव्हता.

डावा पूर्ण चालू. शून्याच्याही खाली, उणे दहापर्यंत. यंत्राला त्यापुढे जाता येत नाही.

मॅडम म्हणाल्या, असं होत नाही. मग म्हणाल्या, आठवड्याने पुन्हा करू. ती बाहेर आली तर तिच्या डोळ्यांत पाणी. मला एकदासुद्धा ओरडली नाही. जिन्यात ती पुढे होती. मी मागून, डावीकडून, ओठातल्या ओठात हाक मारली.

ती वळली.

सोमवार, १७ तारीख

माझ्या उजवीकडून चालायला लागलीय. डावीकडे वळवलं की परत तिकडेच. सारखी हसते. कशालाच नाही म्हणत नाही. आईला फोन करून माझं सांगितलंसुद्धा. सहा महिन्यांची अट कुठे गेली विचारलं तर म्हणते, सोड ना. ती असं म्हणत नाही. ती कधीच काही सोडत नाही.

सकाळी केबिन पाहिली. नाव खोटंच भरलं. सूर सोडले, रिकामी खुर्ची समोर.

उजवा: चांगला. त्या एका उंच सुरापाशी खड्डा.

डावा: काही नाही. शंभरलाही नाही.

हा तिचा आलेख आहे.

मंगळवार, १८ तारीख

पाच वेळा काढला. पाचही वेळा तिचाच. खड्डासुद्धा तिथेच.

मग सुरांऐवजी उजव्या कानात बोलून विचारलं. पेशंटला सूचना द्यायच्या माइकवरून. तू आहेस का. असशील तर दोनदा दाब.

दोनदा.

घाबरलीयस का.

दोनदा. मग सलग. थांबेचना. शेवटी मीच बंद केलं आणि जिन्यात जाऊन बसलो. दादाचा फोन आला, चहा कधी घेतोस म्हणून. ठेवून दिला.

मग बाहेर फिरतेय ती कोण.

बुधवार, १९ तारीख, सकाळ

तिला बोलावून घेतलं. मॅडम बारानंतर येतील. मावशी पुढे. तिला म्हटलं, पुन्हा एकदा आत बस. पाच मिनिटं.

नको म्हणाली. हसून. मला काही झालेलं नाही रे, तू असा काय बघतोयस, झोपला नाहीस का.

बसणार नाही ती. बसली तर जागा सोडावी लागेल म्हणून.

माणूस आत गेला तरच आतलं बाहेर येतं, शनिवारी तसंच झालं. मग मी जातो, आतलीला बाहेर काढायला. हिला संगणकावरचं सूर सोडायचं बटण दाखवलंय. डोकं तापलंय. जातो.

आत

दार लागलं. ही वही मांडीवर. इतकं शांत की पेनचा आवाज ओरडल्यासारखा. काचेतून ती दिसतेय, संगणकापाशी. हात हलवला तिने.

बटण हातात घेतलं. गरम आहे. त्यावर आधीच एक अंगठा आहे — दिसत नाही, पण आहे, माझ्या अंगठ्याखाली — लहान, थंड —

सापडली. आहे ती इथे. मी आलोय म्हटलं. हळूच. उजवीकडे तोंड करून.

दाबलं तिने.

आता डावीकडे. नुसतं खात्रीसाठी. ओठसुद्धा न हलवता, डावीकडे —

दाबलं.

डावा तर तिला —

नाही. थांब. जिन्यात ऊन माझ्या पाठीमागून येत होतं. माझी सावली तिच्या पायांपुढे पडली होती. ती सावली बघून वळली होती. शनिवारी डाव्या कानाचे दाब यानेच दिले होते, आणि नंतर तिच्यासारखं दाबून मला आत ओढलं. आणि इतके दिवस हसत होती ती नुसती खूश होती, कान आला असं वाटून, मी टिकलो म्हणून — ती तीच होती — मी तिलाच —

दाराचा दांडा आतून हलत नाही. ती काचेवर हात मारतेय. आवाज नाही. ओठ हलतायत. माझं नाव असेल.

मी नुसतं मनात म्हणतोय, जा. पळ. मावशींना —

प्रत्येक शब्दाला दाबतंय. मनातल्या. लिहायच्या आधी. मी पुढचा शब्द अजून ठरवला पण नाही आणि अंगठा