वाटीतली स्प्रिंग

३ मार्च

स्प्रिंग वाटीतच आहे! भाग धुवायच्या द्रावणात, अगदी तळाशी. बाबा पाण्याखाली नेतात त्या जुन्या हवेच्या टाकीच्या व्हॉल्व्हमधली. म्हणजे व्हॉल्व्ह साफ करून जोडताना मी ती बसवलीच नव्हती.

बाबा अजून हॉस्पिटलात आहेत.

४ मार्च

नीट लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल. त्या टाकीला हवा दाखवणारा काटा नाही. हवा संपत आली की श्वास जड होतो, मग पाणबुड्याने बाजूचा दांडा खाली ओढायचा — राखीव हवा सुटते, तेवढ्यात वर यायचं. ती राखीव हवा अडवून धरते ही स्प्रिंग. पाण्यात उतरण्याआधी दांडा वर करून ठेवायचा, नाहीतर राखीव हवाही नकळत संपते, बस. चाळीस वर्षं बाबा तेच करत आले.

परवा बाबांचा श्वास जड झालाच नाही. हवा एकदम संपली. दांडा ओढला — काही नाही. कसेबसे वर आले, ते बेशुद्ध व्हायच्या बेतातच.

आणि व्हॉल्व्ह जोडताना माझं लक्ष कुठे होतं? टाकीच्या मानेवर. आटे झिजलेत, टेप तीनदा गुंडाळली, तीनदा सोडली. चौथ्यांदा साबणाचं पाणी लावलं तर एकही बुडबुडा नाही. बाबांना हाक मारून दाखवलं. "हात बसला तुझा," म्हणाले. केवढी फुगले होते मी. आत काय बसवायचं राहिलंय ते पाहायचं सुचलंच नाही.

५ मार्च

खरी लाज पुढेच आहे. धक्क्यावर दादाने विचारलं, बाबांनी दांडा वर केला होता का? मी म्हणाले, "खालीच आहे बघ." खालीच असणार ना, त्यांनी ओढला होता! तेव्हा घाबरून बोलले, स्प्रिंगचं माहीत नव्हतं. आता माहीत आहे. तरी मूग गिळून बसले आहे. खापर म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर फुटलं ते फुटलंच.

९ मार्च

बाबा घरी आले. आई म्हणते, विसरायला लागलेत, चष्मा डोक्यावर आणि शोध घरभर. तो चष्मा गेली वीस वर्षं डोक्यावरच असतो! दादाने फर्मान काढलं, पाण्यात उतरणं बंद. मला वाटलं, आता जुंपणार. बाबा मुकाट्याने बरं म्हणाले.

१४ मार्च

डॉक्टरांकडे मीच नेलं. स्मरणशक्तीची तपासणी. शंभरातून सात वजा करा, त्यातून परत सात. सगळं बरोबर सांगितलं. पण प्रत्येक उत्तराला माझ्याकडे बघून "बरोबर ना?" — ज्या माणसाने जन्मात कुणाला असं विचारलं नाही, तो.

येताना गाडीत म्हणाले, "दांडा वर केलेला मला स्पष्ट आठवतो गं. मग न घडलेलंही आठवायला लागलं की काय मला?"

मी गाडी चालवत राहिले. किळस आली स्वतःची.

१५ मार्च

नाही सांगितलं.

१६ मार्च

आजही नाही. दोनदा त्यांच्या खोलीपर्यंत गेले, चहा हवा का विचारून परतले.

१८ मार्च

सांगितलं. जेवताना, आई-दादासमोर. स्प्रिंग ताटाशेजारी ठेवली. "दांडा तुम्ही वर केला होता, बाबा. चूक माझी. आणि पंधरा दिवस मला माहीत होतं."

दादाचा घास हातातच राहिला. बाबांनी स्प्रिंग चिमटीत धरून दाबून पाहिली. मग डोळे पुसले आणि चक्क हसले. म्हणाले, म्हणजे डोकं शाबूत आहे माझं! माझ्या पाठीवर थाप मारली, आणखी भात मागितला. एक शब्द लागेलसा बोलले नाहीत.

सुटले एकदाची. किती हलकं वाटतंय.

१९ मार्च

वर्कशॉपात टाकी नाही. आई म्हणाली, बाबा सकाळीच घेऊन गेले. बंदराजवळच्या त्या मेकॅनिककडे, ज्याच्या कामाला ते जन्मभर नावं ठेवत आले. व्हॉल्व्ह त्याच्याकडून बसवून घेणार आहेत.