इराची फेअर कॉपी

१२ जानेवारी, रविवार
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. पण सुरुवात कुठून केली हे पुढेमागे मलाच आठवायला हवं.

माझी लेक इरा आठवीत. दुबईतल्या एका शाळेत नववीपासून गणिताचा ॲडव्हान्स्ड ट्रॅक आहे. अख्ख्या यूएईतून वीस मुलं घेतात. खालच्या मजल्यावरच्या प्रकाशचा वेदांग गेल्या वर्षी लागला. तेव्हापासून प्रकाश लिफ्टमध्ये फार हळू आवाजात बोलतो.

ट्यूशनचा रेट तासाला दीडशे दिरहम, म्हणजे साडेतीन हजार रुपये. कशाला? चौथीच्या स्कॉलरशिपला मी तालुक्यात सहावा होतो. आजही एसीच्या डक्टला पत्रा किती लागेल ते ऑफिसात तोंडी सांगतो. मीच शिकवणार. रोज पहाटे साडेपाच. खलास.

१३ जानेवारी, सकाळी ७.१०
उठायला उशीर. अलार्म बायकोने बंद केला असावा, शोभनाने. उद्यापासून.

१८ जानेवारी, शनिवार
पहिला धडा. इराला एकोणीसचा पाढा विचारला. तिने विचारलं, व्हाय? पाया कच्चा आहे.

मग तिने मला एक गणित घातलं. ते सिलॅबसबाहेरचं असल्यामुळे सोडवलं नाही.

शोभना म्हणाली, पोरीला जाऊ दे तिच्या तिच्या वाटेने. इराने तिला सांगितलंय म्हणे की, आत्ताच्या वर्गात गणिताबद्दल बोलायला कोणीच नाही, तिथे असेल. या मुलीने आजवर कधी काही मागितलं नाही. बूटसुद्धा चावायला लागल्यावर सांगते. ही ॲडमिशन मी मिळवून देणारच.

२४ जानेवारी, शुक्रवार, दुपार
हाफ डे. त्या शाळेची प्रवेशासाठीची पुस्तिका आली. आठवडाभरात घरी सोडवायचा एकच प्रश्न. दोन फूट रुंद, बारा फूट लांब पॅसेज. दोन बाय एकच्या फरश्या. किती वेगवेगळ्या प्रकारे बसवता येतील?

हे गणित आहे की गवंडीकाम? मी पाच मिनिटांत सोडवलं. पॅसेजचे दोन बाय दोनचे सहा चौकोन करायचे. प्रत्येकात फरश्या उभ्या किंवा आडव्या, म्हणजे दोन प्रकार. दोनचा सहावा घात. चौसष्ट.

पुस्तिकेत लिहिलंय की विचार यातच करा, खोडू नका, सगळी पानं द्या, पालकांनी मदत करू नये. शेवटची अट सामान्य पालकांसाठी असते.

२८ जानेवारी, मंगळवार
इराने सोळा पानं खराब केली. बारीक बारीक फरश्या काढल्यात, काट मारलीय, बाण, प्रश्नचिन्हं. एका पानावर नुसतंच 'नो नो नो'. दुसऱ्यावर वरणाचा डाग. उत्तर म्हणे २३३.

तिला चौसष्ट समजावून सांगितलं. ती म्हणाली, बाबा, द टाइल्स कॅन क्रॉस युअर लाइन. मी म्हटलं, शिस्तीत बसवल्या तर नाही ओलांडत. ती हसली. पाच मिनिटं पुन्हा समजावलं. हसायची थांबली. समजलं असावं.

३० जानेवारी, गुरुवार
प्रकाश लिफ्टमध्ये भेटला. वेदांगची पुस्तिका तर चुरगळलेली होती म्हणाला. जशीच्या तशी द्या, त्यांना तेच हवं असतं म्हणाला. स्वतःचा मुलगा आत गेला की दुसऱ्याला असेच सल्ले सुचतात.

आमच्या शाळेत समास आखायचा, उजवीकडे कच्चं काम करायचं आणि शेवटी त्यावर फुली मारायची. कच्चं काम कधी कोणी तपासलंय का? पाहुणे आले की आपण त्यांना मोरी दाखवतो का?

३१ जानेवारी, शुक्रवार
सकाळी ऑफिसात फेअर कॉपी केली. कोरे ए-फोर, निळं शाईपेन, रेघांना हिरवं. 'पक्ष', 'साध्य', 'सिद्धता' इंग्रजीत लिहिलं. उत्तराखाली दोन रेघा. २३३ ची चूकही दुरुस्त केली, वडील म्हणून एवढं करायलाच हवं. स्पायरल बाइंडिंग. ड्राफ्ट्समन सबा म्हणाली, सर, हँडरायटिंग तो आपकी है. मी म्हटलं, खानदानी आहे.

हाफ डे म्हणून स्वतः नेऊन दिली. इराला सांगितलं, दिली. तिची सोळा पानं घरी रद्दीत. सुंदर काम झालं.

३ फेब्रुवारी, सोमवार
नकार आला. तीनच ओळी. हे काम विद्यार्थिनीचं वाटत नाही.

इराने माझ्या हातातला फोन घेऊन वाचला. माझी पानं कुठेत, विचारलं. सांगितलं. ओरडली नाही, रडलीही नाही. खोलीत गेली आणि दार हळूच लावलं. आदळलं असतं तर बरं वाटलं असतं.

लढणार. मी असा तसा सोडणारा नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार
पहिलं अपील. दोन पानं. मुद्दा एक: हुशार मुलांचं काम नीटनेटकं असूच शकतं. मुद्दा दोन: प्रश्नात फरश्यांच्या शिस्तीबाबत खुलासा नाही.

९ फेब्रुवारी, रविवार
उत्तर नाही. घाबरलेत. दुसरं अपील पाठवलं, चार पानी. सोबत माझं स्कॉलरशिपचं सर्टिफिकेट जोडलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार
घरी आलो तर शोभनाने पेढा दिला. कशाचा, विचारलं. असाच, म्हणाली. आपली बाजू न्यायाची आहे हे तिला पटलेलं दिसतं. दोन खाल्ले.

इरा पुन्हा जेवताना बोलायला लागलीय. पोरं लवकर हार मानतात. आपण मानायची नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
तिसरं अपील. सात पानं, कडक भाषा. यल्ला, होऊन जाऊ दे. प्रकाशला लिफ्टमध्ये वाचून दाखवलं. पाचव्या मजल्यापर्यंत नुसता बुटांकडे बघत होता. मग म्हणाला, चारुदत्त, तू एकदा घरी विचार. घाबरट माणूस.

२० फेब्रुवारी, गुरुवार, संध्याकाळी ६
शाळेचं उत्तर आलं. तसंच उतरवतो.

नकाराच्या दुसऱ्याच दिवशी इराने स्वतः शाळेला ईमेल केला होता. त्यात लिहिलं होतं, ते काम माझं नाही, माझं माझ्याकडे आहे. पाच तारखेला आई आणि मुलगी सोळा पानं घेऊन शाळेत गेल्या. इराने तासभर फळ्यावर समजावून सांगितलं. बारा तारखेला सीट दिली, त्यांनी त्याच दिवशी घेतली. आपल्या तिन्ही पत्रांबद्दल आभार, कृपया विषय संपला असे समजावे.

शोभनाला विचारलं. रद्दीतून पानं तिनेच काढली होती. दोघी मेट्रोने गेल्या. मी शारजाला पत्रा मोजत होतो. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत होतं.

राग आला. फार आला. अपिलाच्या फायली उचलून इराच्या खोलीत गेलो. ती कसलंसं गणित करत होती, पानभर काटाकाट. म्हटलं, मला का नाही सांगितलंस? मी काय शत्रू आहे?

ती म्हणाली, नो बाबा. पण यू वुड हॅव कम विथ अस.

फायली टेबलाच्या कडेला ठेवल्या.

आलोच असतो.