आपल्या देशाचं फूल

जोन्जू, ४ सप्टेंबर २०१७

चि. सौ. थुई हिस काकाचे अनेक आशीर्वाद.

नागरिकत्वाच्या मुलाखतीचा निकाल वहिनींनी, म्हणजे तुझ्या सासूबाईंनी, फोनवर सांगितला. सांगितला म्हणजे माझ्यावर ओरडल्या; शिकवणी माझी ना! परीक्षकाने ‘आपल्या देशाचं फूल कोणतं’ असं विचारलं आणि तू ठणकावून कमळ म्हणालीस. उत्तर वनस्पतिशास्त्रदृष्ट्या निर्दोष. फक्त देश चुकला; कमळ तुझ्या माहेरचं, व्हिएतनामचं. सूनबाई, कोरियाचं फूल मुगुंगह्वा, हे तू मला मागच्याच पत्रात चित्र काढून दाखवलं होतंस.

दोष त्या ‘उरी’चा. माझा, आमचा, आपला, तिन्हींसाठी आम्ही कोरियन एकच ‘उरी’ वापरतो. इथल्या बायका एकुलत्या एका नवऱ्यालाही ‘उरी नवरा’ म्हणतात. पुल्लिंगी, एकवचनी प्राण्याला बहुवचनी सर्वनाम! व्याकरण रडतं, संसार चालतो. तेव्हा परीक्षक ‘उरी देश’ म्हणाला, की निमूटपणे कोरिया समजावं.

नोव्हेंबरची संधी शेवटची. ती हुकली तर चार वर्षांचे वर्ग, अर्ज, सारं पुन्हा श्रीगणेशापासून. पुढच्या पत्रात ‘उरी’ दहा वेळा वापर. लाल शाई भरून ठेवली आहे.

तुझ्या चुकांवर उदरनिर्वाह करणारा,
जोंगमुक काका

वांदो, १९ सप्टेंबर

ती. काकांस थुईचा सा. न. वि. वि.

‘उरी’ गिरवते आहे. परवा मासळी वाळत घालताना ‘उरी नवरा’ म्हणून पाहिलं आणि मलाच हसू फुटलं. सासूबाईंना विचारलं, यात भागीदार कोण? त्या म्हणाल्या, मी जन्म दिला, तीस वर्षं जेवू घातलं, माझा वाटा नाही होय गं? आता मुकाट्याने ती मासळी उलटी कर. हा उरी नवरा, गीचोल, होडीवर माझ्याकडून राष्ट्रगीताची चारही कडवी घोकून घेतो. तिसरं त्यालाच येत नाही. तिथे आला की खोकतो.

पण काका, एक खरं सांगते. फूल मला येत होतं. आमच्या व्हिएतनामी भाषेत ‘उरी’साठी दोन शब्द आहेत. एकात ऐकणारा येतो, दुसऱ्यात तो बाहेर राहतो. परीक्षकांनी ‘उरी’ म्हटलं, आणि त्यात मी आहे की नाही हेच मला कळेना. तेवढ्यात आईच्या तळ्यातलं फूल तोंडातून निघून गेलं. आता वेगळीच भीती वाटते. मी इथे ‘आपला देश’ म्हटलं, तर तिकडची आई कुठल्या शब्दात राहणार?

उत्तराची वाट पाहणारी,
थुई

जोन्जू, ३० सप्टेंबर

चि. सौ. थुईस आशीर्वाद विशेष.

तुझ्या पत्रात चौदा चुका निघाल्या. शेवटच्या वाक्याला मात्र लाल शाई लागली नाही. त्या वाक्यापायी मी दोन दिवस वर्गात पोरांना भलतंच शिकवलं.

मग वहिनी आठवल्या. त्यांना वांदोत येऊन चाळीस वर्षं झाली. अजून किमची घालायला बसल्या की म्हणतात, आमच्याकडे इतका लसूण घालत नाहीत. तेव्हा आमच्याकडे म्हणजे हेनामला, माहेरी. आणि हेनामला गेल्या की भावजयीला ऐकवतात, आमच्याकडे लसूण सढळ हाताने घालतात हो! भांडण दोन्हीकडे, आणि दोन्हीकडे ‘आमचं’. त्यातलं एक परत करा असं त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगायची कुणाची छाती आहे? तूही काही परत करू नकोस.

तुझ्याइतकाच घाबरलेला,
काका

वांदो, २ डिसेंबर

ती. काकांस सा. न. वि. वि.

पास! काल कागद आला.

या वेळी परीक्षक बाई होत्या. मुगुंगह्वा बिनचूक सांगितलं. एका कडव्यानंतर त्या पुरे म्हणाल्या, पण इतकी घोकंपट्टी वाया कोण घालवणार? चारही म्हटली. मग त्यांनी विचारलं, फुटबॉलमध्ये उरी संघ आणि व्हिएतनाम समोरासमोर आले तर? मी म्हटलं, कुणीही जिंकलं तरी आमचेच जिंकणार, आणि कुणीही हरलं तरी सासूबाई मलाच बोलणार. बाई खाली मान घालून बराच वेळ काहीतरी लिहीत होत्या.

सासूबाईंनी गावभर तांदळाचे गोड तोक वाटले. माझ्या वाट्याला एकच उरला.

संध्याकाळी आईला फोन केला. ती आनंदली, थोडी रडली. मग पाहुण्यांना विचारावं तसं तिने विचारलं, तुमच्याकडे थंडी पडली का गं? मी म्हटलं, आई, तुमच्याकडे नाही, आपल्याकडे म्हण. तिने तो शब्द आधी एकदा पुटपुटून पाहिला. मग म्हणाली, आपल्याकडे थंडी पडली असेल तर कानाला बांध काहीतरी.

बांधलं आहे.

थुई