दोरीमागच्या दोन खुर्च्या

सांता रोसालिया, क्यूबा
१४ मार्च २००९

प्रिय सोरा,

तू, दाजी आणि मुलं खुशाल असाल. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते आपल्या घराण्यातच आहे. मार्चमध्येच उकाडा सुरू झालाय, आणि कॉफीत भाजक्या वाटाण्याची भेसळ इतकी, की आपण सूप पितोय असं वाटतं. शेजारची ओनेलिया तिकडे अमेरिकेत, टँपाला मुलाकडे निघालीय. तिच्या पर्समधून हे पत्र तुला मिळेल. मी फार वाळलेय असं ती सांगेल. तिचं मनावर घेऊ नकोस.

हे कामाचं पत्र आहे, तेव्हा कामाचं सांगते.

संग्रहालयात नवी मुलगी आलीय, यामिलेत. हवानाला रीतसर शिकून आलेली अभिरक्षक. मी हे काम धरलं तेव्हा असलं काही शिक्षण नव्हतं. गावोगावी संग्रहालय काढा असा हुकूम आला आणि मला शाळेतून उचललं. "बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे," एवढीच माझी पात्रता. थोड्या दिवसांचं शिबिर झालं. वस्तूला उन्हापासून जपा, वाळवीपासून जपा आणि लोकांपासून जपा, हे तिथे शिकवलं. पाटीवर लाकूड लिहा, काळ लिहा. माणसांची नावं नकोत. आमच्या आधी हे काम पाद्री नाहीतर निवृत्त कॅप्टन हौस म्हणून करायचे, त्यामुळे आम्हाला आपण फार मोठे शास्त्रज्ञ झालो असं वाटायचं.

आता यामिलेत म्हणते, "बाई, जपून ठेवणं झालं हो. पण ही वस्तू बोलते काय?"

"अगं, बोलायला लागली तर मी राजीनामाच देईन," मी म्हटलं. ती हसली. पोरगी गोड आहे, पण हट्टी.

तिला दिवाणखान्याचं दालन बदलायचंय. "प्रत्येक गावच्या संग्रहालयात याच झुलत्या खुर्च्या. यांत कोण बसायचं, काय बोलायचं, ते कळलं तर ठेवू. नाहीतर प्रांताच्या कोठारात पाठवू." कोठारात ओल आहे, वेत महिन्याभरात काळा पडेल. वर मलाच म्हणते, "तुमच्याच घरच्या ना, बाई? मग तुम्हीच सांगा."

मला सांगता आलं नाही. मी त्या खुर्च्यांत कधी बसलेच नाही. एक आईची, समोरची तुझी, आणि मी उंबऱ्यावर, रस्त्याकडे तोंड करून. पाठीमागे तुमची कुजबूज चालायची, मग एकदम खिदळणं. मी मागे वळले की आई म्हणायची, "तू लहान आहेस." सोरा, मी एकसष्ट वर्षांची झाले. अजून मला कुणी सांगितलेलं नाही.

त्या खुर्च्या इथे कशा आल्या, हे तुला माहीत नसेल. मी सरकारला देऊन टाकल्या असं तू ओनेलियाजवळ म्हणाली होतीस म्हणे. मी नाही दिल्या. तू गेल्यावर दारातून वारा आला की तुझी खुर्ची एकटीच डुलायची. रिकामी खुर्ची हलली की ज्याची ती, त्याच्या जिवाला धोका, हे आपल्या आईला कुणी सांगायला नको. आधी ती पायाने धरून बसायची. मग तिने खाली वीट लावली. वीट सरकायची. संग्रहालय उघडलं त्या आठवड्यात तिने हातगाडी बोलावली आणि दोन्ही खुर्च्या चढवल्या.

"तिथे बसायची कुणालाच परवानगी नसते ना?" ती मला म्हणाली. "मग तिथे रिकामी असली तर चालेल."

त्यानंतर ती रोज दुपारी यायची आणि खुर्च्यांपुढे बांधलेल्या दोरीला धरून उभी राहायची. शाळेतल्या एखाद्या पोराने बोट लावून खुर्ची हलवली की ओरडायची, "ए टवाळ! हात काढ! माझी पोरगी समुद्रापलीकडे आहे!"

"आई, इथे ओरडायचं नसतं."

"मग तू ओरड. पगार तुला मिळतो."

आई गेली तेव्हा तू आली नाहीस. तुला इकडे यायचे कागद मिळाले नव्हते, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तरी मी तुझ्या पत्रांना उत्तर दिलं नाही. पण तो विषय इथे काढायचा नव्हता.

घरी आता दोन लोखंडी खुर्च्या आहेत. एकीवर मी बसते, दुसरीवर इस्त्रीचे कपडे. संध्याकाळी सगळी गल्ली दारात खुर्च्या काढून बसते, तेव्हा मी दार लावून घेते. बहुतेक दिवशी संग्रहालयातच उशीर करते, झाडलेलं पुन्हा झाडते. शिपाई म्हणतो, "बाई, घरी कुणी वाट बघत नाही का?" गंमत म्हणून म्हणतो बिचारा. मला फार एकटं वाटतं, सोरा. लिहिलं एकदाचं.

यामिलेत म्हणते, बहिणीने एक पान लिहून पाठवलं तरी चालेल. तिचं भागेल, माझं नाही भागणार.

हल्ली कागद लवकर होतात असं ओनेलिया सांगते. तू ये. ती दोरी मी आजवर कुणासाठी काढली नाही, आईसाठीसुद्धा नाही. तिने कधी मागितलंच नाही. तुझ्यासाठी काढीन. तू तुझ्या खुर्चीत बस. समोर आईच्या खुर्चीत मी बसेन, आयुष्यात पहिल्यांदा. यामिलेतला ओरडायचं तर ओरडू दे. आणि मग सांग मला, एवढं काय बोलायचात तुम्ही.

येईपर्यंत काळजी करू नकोस. तुझी खुर्ची मी रोज पुसते, आणि पुसताना दुसऱ्या हाताने धरून ठेवते. हलू देत नाही.

अजून उंबऱ्यावरच बसलेली,
तुझी मिग्दालिया