दुसरी चूल

धुळे, ता. ११ नोव्हेंबर १९३४

चि. अभिमन यास आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे असे लिहायची रीत आहे, म्हणून लिहिले. आईचे गुडघे थंडीने धरलेत. कपाशीची वेचणी निम्मी उरकली.

तुझ्या पत्राखाली तुझ्या बायकोने, एलेनाने, स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिल्या आणि तू त्यांचा अर्थ कळवला नाहीस. ब्युनोस आयर्सला जाऊन माणूस इतका आळशी होतो? मला मुंबईहून स्पॅनिश कोश मागवावा लागला. शेजारचे जीवरामभाऊ येता-जाता विचारतात, "नाना, पोपट बोलाले लागना का?"

एकच शब्द अडला. ओगार. लिहिताना पुढे 'एच', उच्चारात तो गायब; हे कळेपर्यंत मी घरभर 'होगार, होगार' करीत हिंडलो. कोश म्हणतो, चूल. पुढे म्हणतो, घर. मग कुटुंब, आणि शेवटी निराधारांचा आश्रमसुद्धा. 'तुमच्या ओगारात मला जागा द्या,' असे ती लिहिते. आता यातले काय द्यायचे?

मी आईला 'घर' असे वाचून दाखवले. ती लगेच हो म्हणाली. चुलीचा विषय तिच्यापुढे नकोच, म्हणून तिला न विचारता कुंभाराकडून नवी चूल आणून मागच्या पडवीत मांडली. तुमचे तुम्ही शिजवाल, आईचे सोवळे सांभाळले जाईल. सगळ्यांची सोय पाहिली, असे वाटले.

एका घरात दुसरी चूल म्हणजे भावांची वाटणी, हे बी.ए. झालेल्या माणसाच्या ध्यानात येऊ नये. नाना धाकट्याला वेगळा काढतो आहे, असे गल्लीभर झाले. आईने माझ्याशी बोलणे टाकले. हे तुझ्या सोवळ्यासाठी केले, असे परोपरीने समजावले, तेव्हा कुठे ती बोलली.

"मी सांगं का तुले? मी जित्ती शे तवलगून ह्या घरमा एकच चूल ऱ्हाई." आणि मग, अगदी हळू, "खरं सांग, तिना हातनं कोन खावाव नही? मी का तू?"

मी कोश उघडून बसलो.

तिने तशा गुडघ्यांनी पडवीत जाऊन बत्त्याने चूल फोडली. वर हुकूम काढला: एलेनाने आल्या दिवशी आपल्याच चुलीवर भाकरी करायची आणि पहिले पान नानाचे वाढायचे. तिला भाकरी येत नसेल, असे सुचवून पाहिले. मी शिकवीन, म्हणाली. या बाईपुढे काय बोलावे?

मी चिडलो आहे. आईवर, तुझ्यावर, त्या कोशावर. पण तिच्या प्रश्नाचे उत्तर मी अजून दिलेले नाही, आणि तुलाही ते लिहून देववत नाही. तू ओळखले असशीलच.

दोघे या. वाढलेल्या पानावरून मी उठणार नाही, एवढेच आज लिहू शकतो. आनंदाने जेवेन, असे लिहिले तर ते अजून खरे होणार नाही.

पाटावर बसण्याचे धैर्य गोळा करीत असलेला
तुझा
नाना